आमचा नंबर शेवटचा

लाडके मनू,

उद्यापासून शिमग्याची पालखी वाडीत घरोघरी फिरणार. तू गेल्यापासून वर्षभर आपल्या दारात वाद्य नव्हतं. काल पालखीवाले विचारून गेले, "दादा, यंदा तुमच्याकडं ढोल वाजवायचा ना?" मी आईकडे बघितलं, तिनं तुझ्या फोटोकडे. म्हटलं, आधी तुझ्याशी बोलावं.

आठवतंय, मुंबईच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? "आता औषधं फक्त दुखू नये म्हणून. कुठे राहायचं ते मनूलाच विचारा." आम्ही विचारायच्या आतच तू म्हणालीस, "गावाला, कापड्याला! शिमगा जवळ आलाय." वीर स्टेशनला उतरल्यावर रिक्षावाल्याला दम काय दिलास! "काका, खड्डा चुकवा, नायतर उतरून चालत जाईन." चालत! उभं राहवत नव्हतं तुला, बये!

आई घड्याळ बघून दुखण्याचं औषध द्यायला शिकली. मी पेज करायला शिकलो. ती तू मांजराला पाजायचीस, हे मला ठाऊक होतं बरं का!

आणि ते पालखीचं! पालखीच्या फेरीत आपलं घर शेवटचं. तोवर तू असशील की नाही, सगळ्यांनाच धास्ती. म्हणून गावानं रिवाज मोडून पालखी आधी आपल्याच दारात आणली. तू खाटेवरून ओरडलीस, "नाय! आमचा नंबर शेवटचा हाय. शेवटी आलात की देव मुक्कामाला राहतो. आता आलात तर लगेच जाल!" देवाला परत पाठवणारी पोरगी! पालखी खरंच मागे फिरली. पण आपला नंबर येईपर्यंत तू थांबलीस. देव मुक्कामाला आला, तुला खांद्यावर घेऊन मी नाचलो, आणि वरून तुझं चालूच, "बाबा, तुझा पाय चुकतोय!"

एकच तक्रार आहे. शिमगा सरल्यावर एका सकाळी "बाबा, चहा टाक" म्हणालीस आणि मी चुलीपाशी असतानाच गेलीस. आईचा हात तुझ्या हातात होता, तेवढं बरं. पण दोन घोट थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गो? अजूनही चहा तुझ्या वाटणीचा जास्त होतो.

आत्ता पालखीवाले परत येऊन गेले. "दादा, यंदाबी तुमच्याकडं पयली आणतो." मी म्हटलं, "नाय. आमचा नंबर शेवटचा हाय." आई किती दिवसांनी खळखळून हसली!

तेव्हा शब्द देतो, ढोल वाजणार. तू बसली होतीस त्याच खांद्यावर पालखी घेईन. पाय चुकणार, ते ठरलेलंच. तू वरून ओरड.

तुझा,
बेताल बाबा