आप्पांच्या हातातली पत्रिका

प्रिय मृणालीताई,

आप्पा जेवून आडवे झालेत, आई शेजारच्या हळदीच्या घरी भाकऱ्या थापायला गेल्यात, आणि मागच्या गोडाऊनला कंटेनर रिव्हर्स घेतोय त्याची टीं टीं काही थांबत नाही. तेवढ्यात लिहायला बसलेय. एक ओळ लिहिते, उठून दार बघून येते, परत बसते. हल्ली मला एका जागी बसवतच नाही. फोन केला असता, पण या घरात स्वयंपाकघरात बोललेलं बाहेर ओटीवर ऐकू जातं, आणि तुझा फोन कायम तुझ्या पोरांच्या हातात. सासरी पत्र आलं म्हणून पडघ्यात सगळे तुला हसतील. हसू देत.

भावूचं सांगायचंय. तुझी भाची पाचवीत गेली, पण पुस्तक उघडलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला अडते. म्हणते, ओळ हरवली. मग टोक असलेल्याच पेन्सिलीला टोक करायला उठते, पाणी प्यायला उठते, मांजराच्या मागे जाते. तिला मारून झालं, ट्यूशन लावून झाली, नवस बोलून झाला. शेवटी तिच्या वर्गाच्या नीलाबाईंनीच मला बाजूला घेतलं आणि ठाण्याला डॉक्टरांना दाखवून आणा म्हणाल्या. मी घरी नारपोलीला माहेरी जाते सांगून तिला घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी तपासलं. हुशारीत काही कमी नाही, वाचण्यात आणि लक्ष धरण्यात अडचण आहे, अशी मुलं खूप असतात, असं म्हणाल्या. पुढच्या बाकावर बसवा, प्रश्न वाचून दाखवा, पेपरला वेळ जास्त द्या, आणि वाचायला रोज वेगळ्या पद्धतीने शिकवा. तसा दाखलाही दिला. येताना मी भावूला वडापाव खाऊ घातला आणि स्वतः रिक्षात रडले. बरं वाटलं म्हणून रडले गं.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. दाखला शाळेत दिला आणि बातमी आप्पांच्या कानावर गेली. शाळेचे मोठे सर, चिंतामणी सर, यांनी मला बोलावून चहा मागवला, खुर्ची दिली आणि सांगितलं की आप्पांचा फोन येऊन गेला. शाळा उभी आहे ती आपल्या जागेवर, आप्पा कमिटीवर, सर तरी काय करणार. आप्पांनी निरोप दिला होता की नातीच्या नावाचा कुठलाही कागद शाळेत लागता कामा नये, तिला फक्त पास करा. सर म्हणाले, आप्पांनी हो म्हणू दे, दुसऱ्या दिवशी सगळं सुरू करतो.

तेव्हापासून भावूला वर्गात कोणी काही विचारत नाही. मोठ्या माणसाची नात, उगीच रडली तर घरी जाऊन सांगेल, ही सगळ्यांना धास्ती. मुलं ओळीने उठून वाचतात आणि तिची पाळी आली की शिक्षक थेट मागच्या मुलीला उठवतात. नीलाबाईंनासुद्धा तशीच सूचना आहे, माझ्याशी बोलताना त्यांची मान खाली असते. परवा वेणी घालताना भावू म्हणाली, मम्मी, मी वर्गात असते का गं? मला आप्पांचा राग येतो ताई, खोटं कशाला बोलू. तुझा भाऊ प्रितेश म्हणतो, आप्पांपुढे कोण बोलणार. आईंनी विषय काढून बघितला तर आप्पा म्हणाले, "पोरीला काय पन न्हाय झालाय, डोका तेज हाय तिचा. असला कागद बघून उद्या तिला कोन सून करून घेल?" आणि उठून गोडाऊनवर गेले.

तुझ्या पाठवणीची गोष्ट आई अजून सांगतात. कधी डोळ्यांतून टिपूस न काढणारे आप्पा गाडीचं दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, आता मला पेपर कोन वाचून दाखवल. सगळे हसतात, मीही इतकी वर्षं हसले. घरात वकील येतो, मुलगा शिकलेला आहे, तरी गोडाऊनचा करार आला की सहीच्या आधी पडघ्याहून तुलाच बोलावणं जातं. आप्पा मेसेज कधी लिहीत नाहीत, बोलूनच पाठवतात. मला वाटायचं, लेकीचा लाड.

गेल्या रविवारी शेजारच्या लग्नाच्या पत्रिका आल्या. आपल्याकडच्या पत्रिका तुला माहीत आहेत, निमंत्रकांचीच दोन पानं, आणि कोणाचं नाव कोणाच्या वर आलं यावर वर्षभर अबोला. ओटीवर माणसं बसली होती. आप्पांनी एक पत्रिका स्वतः धरली, दुसरी भावूला दिली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, वाच. मी दारात येऊन उभी राहिले. पण भावूने घडाघडा वाचलं. प्रत्येक हळदीत बसून तिला अख्ख्या भावकीची नावं मानाच्या क्रमाने पाठ आहेत, तीच तिने म्हटली. आप्पा आपल्या पत्रिकेवर बोट फिरवत मान डोलवत होते, बरोबर, बरोबर म्हणत होते. भावू जीवनकाकांचं नाव बोलली तरी मान डोलतच होती. मग रघूमामा म्हणाले, अगो, जीवन तर दिवाळीत गेला, त्याचा नाव कुठं हाय यात? सगळे हसले. भावूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पत्रिकेची घडी केली आणि चहा टाका म्हणून आत हाक मारली. ते भावूकडे बघत होते, आणि मी दारातून त्यांच्याकडे.

ताई, तू त्यांचं हे गुपित लहानपणापासून सांभाळलंस. मी कोणाला बोलले नाही, प्रितेशलाही नाही, आणि तुलाही काही विचारणार नाही. फक्त या रविवारी ये. नेहमीसारखा त्यांना पेपर वाचून दाखव, आणि ओटीवर दुसरं कोणी नसलं की हे पत्र वाचून दाखव. नाव तुझं घातलंय, पण लिहिलंय त्यांच्यासाठी. सुनेने समोर उभं राहून बोललेलं त्यांना सोसणार नाही, तुझ्या आवाजात ते काहीही ऐकतात. आप्पा, रागावू नका. भावू तुमच्यावर गेली आहे. तुमच्यासारखीच हुशार, तुमच्यासारखीच पाठांतरावर वेळ मारून नेणारी. तुम्हाला कोणी वाचायला शिकवलं नाही, तरी तुम्ही एवढं उभं केलंत, कारण तुम्हाला मृणालीताई मिळाली. भावूला कोण मिळेल ते मला माहीत नाही, म्हणून तिला वाचायला शिकू द्या. सोमवारी सरांना एक फोन करा.

तुझीच,
करिष्मा