पार आणि धुरा

बाबूजी, तुम्ही गेल्यानंतर मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. आज लिहितो आहे, कारण ही गोष्ट घरात कुणाला सांगता येत नाही.

मी आठवीत असेन. धानाची रोपं रोवण्याआधीचे दिवस. दवनीवाड्याच्या शेतात मी फावड्याने बांधाचं गवत छिलतो आहे आणि तुम्ही लांबूनच ओरडता, "काऊन तिकडून छिलून राहिला बे? पार नाही तो, धुरा हाये." पार म्हणजे आपल्याच दोन बांध्यांमधली, धानाच्या दोन वाफ्यांमधली, पाणी अडवायची. ती फोडा, सरकवा, कुणी विचारत नाही. धुरा दोघांचा. आपल्या बाजूने अर्धाच छिलायचा, माथ्याला हात लावायचा नाही. मी म्हणालो, दोन्ही मातीचेच तर आहेत. तुम्ही फावडं हिसकावून घेतलंत. "तुही माय अन् काकू दोघी बायाच हायेत. मंग जा ना काकूच्या चुलीपाशी, माग तिले रोज भाकर." शेजारच्या बांधीतल्या बाया हसल्या. मला राग आला होता, पण फरक कायमचा कळला.

शेवटच्या आजारात तुम्ही आम्हा दोघा भावांना खाटेजवळ बसवून वाटणी सांगितली. मधल्या पारेच्या अलीकडचं माझं, बोडीकडचं, त्या लहान तळ्याच्या बाजूचं, धाकट्याचं. त्या दिवसापासून ती पार धुरा झाली. दगड रोवला नाही, कागद केला नाही. तो रायपूरला नोकरीला, त्यामुळे दोन्ही वाटे मीच करत आलो. दोन उन्हाळ्यांपूर्वी ट्रॅक्टर वळायला जागा पुरेना. ट्रॅक्टरवाल्याने विचारलंही, "भाऊ, हा धुरा तर नाही ना?" मी म्हणालो, "नाही, घरचीच पार आहे. काढून टाक."

यंदा उन्हाळ्यात धाकटा नोकरी सोडून परत आला. स्वतः शेती करणार म्हणाला. शेतात उभा राहून इकडेतिकडे बघत राहिला. "दादा, माहा धुरा कुठी गेला?" मी सांगितलं, ट्रॅक्टरवाल्याच्या चुकीने गेला. त्याने वाद घातला नाही. "तू सांगशील तिथं टाकू," म्हणाला आणि दोरीचं टोक धरून उभा राहिला. मी खुंटी ठोकली. चार पावलं बोडीकडे सरकून ठोकली, बाबूजी. जुनी जागा मला डोळे मिटूनही सापडली असती. पण ती चार पावलं खोलगट आहेत, सगळ्यात शेवटी आटतात, आणि इतकी वर्षं मीच तिथे रोवत आलो होतो. ती मला आता माझीच वाटत होती. त्याने खुंटीकडे पाहिलंसुद्धा नाही. दोघांनी मिळून माती टाकली, त्याच्या बायकोने आम्हा दोघांना चहा आणून दिला.

आता धान निसवायला आला आहे, लोंब्या बाहेर पडायची वेळ. माझ्या बाजूला पाणी आहे. त्याच्या बांधीला भेगा पडताहेत. काल तो घरी आला होता. "दादा, माह्या बांधीत पाणी काऊन नाही थांबून राहिलं?" मी म्हणालो, नवीन माती आहे, मुरते. त्याने मान हलवली. पुढच्या साली बरं होईल म्हणाला आणि जेवून गेला.

जे त्याला सांगायला हवं, ते मी तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही उलट काही बोलणार नाही, म्हणून.