परसातली चूल आणि तांब्याभर थंड पाणी

मी, वच्छलाबाई भ्रतार पुंजाजी म्हस्के, वय अंदाजे अठ्ठावन्न, धंदा शेती व घरकाम, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. दम देऊन कुणी लिहून घेतलेलं नाही. शाळेत मी गेले नाही. रज्जाकभाईंच्या दुकानातून मटण ज्या वर्तमानपत्रात बांधून येई, त्या कागदांवर यजमानांनी मला अक्षरं शिकवली. तेव्हा माझी भाषा कुणी सुधारू नये.

कलम १. पाटा-वरवंटा आणि मसाल्याचा डबा माझी भाची आशाबाई, राहणार जळगाव जामोद, हिला द्यावा. तिच्या हाताला चव आहे, पण ती घाई करते. तिनं हे पाळावं. मटण धुऊन पिळू नये. हळद, मीठ, आलं-लसूण लावून घटकाभर ठेवावं. मग तेलावर कांद्यात टाकून त्याच्याच अंगच्या पाण्यात शिजू द्यावं. वर ताटली, ताटलीत पाणी. ते कढत झालं की तेच आत घालावं. थंड पाणी एक थेंबही नाही, त्यानं मटण आकसतं आणि मग दिवसभर जाळ घाला, वातडच राहतं. कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजावं, तव्यावर नाही. मांस हाडापासून सुटलं की उतरवावं. घड्याळ बघू नये.

कलम २. कल्हईचं पितळी पातेलं रज्जाकभाईंच्या बायको अख्तरीबाई यांना द्यावं. त्यांच्या घराशी मी एकदा खोटं वागले आहे. ते पुढे येतं.

कलम ३. पाच वर्षांमागे, माघात, यजमान महिनाभर अंथरुणाला होते. वैद्यांनी आशा सोडली होती. त्यांनी मटणाचा रस्सा मागितला. आमच्यात मटण घरातल्या चुलीवर होत नाही, परसातल्या चुलीवर होतं. मी तिथं बसले. अर्धं शिजलं होतं. इतक्यात धाकटे दीर हिंमतराव आले. त्यांनी नुकतीच माळ घातली होती. "माळकऱ्याच्या घरात हे नाही चालनार, वहिनी," म्हणाले, आणि तांब्याभर थंड पाणी ओतलं. निम्मं चुलीत, निम्मं पातेल्यात.

मी चूल पुन्हा पेटवली. उपयोग झाला नाही. यजमानांनी एक तुकडा बराच वेळ चावला आणि हातावर काढून ठेवला.

"वच्छे, वातड लागून राह्यलं. काऊन वं?"

मी सांगितलं, बकरा जून होता. मरणाऱ्या माणसापुढं त्याच्या भावाचं नाव घेववलं नाही. रज्जाकभाईंनी कोवळा बकरा निवडून दिला होता. नाव त्यांचं खराब झालं. दुसऱ्या दिवशी यजमान उपाशी गेले.

तेराव्याला हिंमतराव पंगतीत म्हणाले, "वहिनीच्या मटनानं भाऊ गेला." गाव अजून तेच म्हणतं. मी पाच वर्षं बाहेरची चूल पेटवली नाही. माळवाले हिंमतराव मात्र मेहकरच्या बाजारी खानावळीत माळ खिशात घालून बसतात, हे खानावळवाल्याला विचारा.

कलम ४. मला मूलबाळ नाही. यजमानांमागे दोन खोल्या आणि परस वारसाच्या नव्या कायद्यानं माझ्या एकटीच्या आहेत. हिंमतरावांना त्या पाहिजेत. मिळतील. कलम तीनमधली पाण्याची गोष्ट खरी आहे, एवढं लिहून त्यांनी चार माणसांसमोर खाली सही करावी. न केल्यास घर आशाबाईचं, आणि तिनं दरवर्षी माघात परसातल्या चुलीवर मटण करून पहिली वाटी यजमानांच्या नावानं ठेवावी.

हिंमतराव यांची सही:

(आज सकाळी त्यांना बोलावलं. कलम तीन दोनदा वाचून घेतलं. "लोक काय म्हनतीन?" एवढंच बोलले. पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. पाणी प्याले, माळ चाचपली आणि सही न करता गेले. वरची जागा कोरी ठेवावी, कुणी भरू नये. घर आशाबाईचं.)

मला वाचता येतं, म्हणून वाचून पाहून सही करते.

वच्छलाबाई पुंजाजी म्हस्के

साक्षीदार, ज्यांनी हिंमतरावांना पाणी पिताना पाहिलं:
१. निवृत्ती सखाराम इंगळे
२. सईद वल्द इस्माईल, शिंपी

उंद्री, ता. ९ फेब्रुवारी १९६४