राळ्याएवढी गोळी

मामंजी,

तुमची पितळी डबी आज चिंच लावून घासली. तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होतील. माझे केस पिकायला लागले, चष्मा लागला, आणि एक वाक्य बोलून झालं की समोरच्याला ते कळलं का हे पाहत थांबायची तुमची खोडही मला लागली. त्यामुळे घरातले सगळे माझ्याशी थोडक्यात बोलतात. डबी काढायला निमित्त झालं माळणीच्या लेकीचं. निंबाखालच्या पहिल्या झोळीत निजली होती तीच ही. आता तिच्याच कडेवर एक आहे आणि डोक्यावर वांग्यांची टोपली. तिनं टोपली उतरवली, पोर माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "बाई, वेचनी लागून राह्यली. औंदा निंबाखाली महाराजाच्या नावानं नारळ फोडतो आमी बाया. माय म्हणते, महाराजानं गोळी सोडली त्याच तिथीले फोडा. तं कोनती तिथी व्हती, सांगा." गावाला तुम्ही अजून महाराजच आहात. तुमच्या हाताखाली इतकी वर्षं संस्कृत शिकलेली, पंचांग न उघडता एकादशी सांगणारी मी, वांगी निवडत बसले. कारण तिथ्या दोन आहेत, मामंजी. तुम्हाला एकच ठाऊक आहे. दुसरी सांगायची राहून गेली.

पहिल्यापासून सांगते, क्रम सोडलेला तुम्हाला खपत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, तुमचे चिरंजीव अकोल्याला नोकरीवर, घरात आपण दोघंच. तुम्ही ओसरीवर, मी चुलीपुढे, आणि मधल्या चौकटीतून विभक्त्या आत येत. माझं रूप चुकलं की तुम्ही भाकरीला नावं ठेवत असा, म्हणजे मला वाईट वाटणार नाही असा तुमचा समज. दिवेलागणीला मी तुमची गोळी करायची. वाशीमच्या ठेक्याच्या दुकानातून आणलेली अफू, बोटाला जरा तूप, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी वळून या डबीत. गुडघ्यासाठी, असं तुम्ही सांगत असा. गुडघा माझ्या लग्नाआधीच बरा झाला होता. गोळीला मात्र ते कोणी कळवलं नव्हतं.

तेव्हा यात कोणाला काही वावगं वाटत नसे. निंदणीच्या आणि कापूस-वेचणीच्या दिवसांत आपल्या गावातली निम्मी तान्ही पोरं गोळीवरच असत. आई उजाडताच टोळीबरोबर वावरात जाणार, पोराला मोहरीएवढी गोळी देणार, ते धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, संध्याकाळपर्यंत गप्प. दुष्टपणानं कोणी देत नव्हतं. रडणाऱ्या पोराला उन्हात बघणार कोण? मग एका भादव्यात एक पोर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत उठेना. उठलं तेव्हा असं भोकाड पसरलं की सगळा गाव हसला. रडण्याचा एवढा आनंद मी पुन्हा कधी पाहिला नाही. तुम्ही मात्र हसला नाहीत. मारुतीच्या देवळात तुम्ही प्रवचन लावलंत.

प्रवचन छान झालं. विषावर चार श्लोक, मग त्यांचा अर्थ, मग अर्थाचा अर्थ. तेवढ्यात बायकांतून माळीण उठली. विहिरीजवळ तिचा वांग्या-मेथीचा मळा, आणि वेचणीला बायांची टोळी नेणारीही तीच. तिनं मान डोलावल्याशिवाय दहा घरच्या बाया पाणीसुद्धा पीत नसत. चार महिन्यांची लेक पदराखाली होती.

"महाराज, एक इचारू?"

"विचार."

"तुमी बी घेता ना गोळी? संध्याकायी?"

देवळात घंटेला हात घातलेला माणूस तसाच थांबला.

"घेतो," तुम्ही म्हणालात. "गुडघ्यासाठी."

"मंग माह्या लेकीचे बी गुडघेच दुखतात म्हना! तुमी सत्तरीचे, शास्तर शिकलेले, तुमाले सुटत नाई, अन् चार मयन्याच्या पोरीले ग्यान सांगून राह्यले? तुमी सोडा, मी सोडतो. माह्या मांगं साऱ्या बाया सोडतीन. अन् पोराईले पाह्याले कोनी तं द्या!"

लोक हसले. दिवेलागणीला तुम्ही घरी आलात. मी गोळी पुढे केली तर म्हणालात, "सूनबाई, केवढी करतेस?"

"ज्वारीएवढी."

"उद्यापासून बाजरीएवढी. मग राळ्याएवढी. मग राजगिरा. मग खसखस."

"खसखस म्हणजे फिरून अफूच्याच बोंडात शिरणं झालं, मामंजी."

"पाठांतर झालं का?" तुम्ही विचारलंत. माझं बरोबर असलं की तुम्ही हेच विचारत असा.

तिकडे निंबाखालची सोय तुम्ही मोठ्या हौसेनं केलीत. जुन्या लुगड्यांच्या सात झोळ्या, आणि सगळ्यांना ओवलेला एकच दोर, म्हणजे एक हिसका दिला की सातही हलाव्या. दोर ओढायला तुम्ही चावडीवर सकाळपासून चिलीम फुंकत बसणारे चार म्हातारे उठवून आणलेत. अट एकच: निंबाच्या सावलीत चिलीम नाही. सावली दिवसभर फिरते, त्यामुळे त्यांची चिलीमही दिवसभर फिरत राहिली, आणि अखेर दमून दोघांनी ती सोडली. उपदेशानं जे झालं नसतं ते सूर्यानं केलं.

आता वेचणी तोंडावर आलेली, झोळ्या रिकाम्या टांगलेल्या, आणि तुम्ही राळ्यावर अडलेले. आधी थंडी पडली म्हणून, मग आभाळ आलं म्हणून. मग तुम्ही म्हणालात की राजगिरा हे उपासाचं धान्य, त्याच्याशी अमली वस्तूची तुलना बरी नव्हे. एवढा सूक्ष्म विचार तुम्ही मुलासाठी मुलगी पाहतानाही केला नसेल. अशात एका सकाळी माळीण मेथी घेऊन मागल्या दारी उभी.

"बाई, उद्या वेचनी. सोडली का महाराजानं? खरं सांगजा. सोडली असन तं लेक झोयीत. नाई तं हे हाये." तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. आत काळीशी, मोहरीएवढी गोळी. लेक आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती आणि आईच्या लुगड्याचा काठ चघळत होती.

मी म्हटलं, "सोडली."

ती पहिली तिथी, मामंजी. कार्तिक वद्य पंचमी.

खोटं बोलून झालं होतं, आता ते खरं करणं भाग होतं. संध्याकाळी पळीत गूळ करपवला, त्यात किराइताची कडू पूड घातली, तुपाचं बोट लावलं आणि राळ्याएवढी गोळी वळली. तुम्ही ती जिभेवर ठेवलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "आज नीट साधली आहे." पाच वर्षांत माझ्या हातच्या वस्तूची तुम्ही केलेली ती पहिली स्तुती.

पुढचे दिवस तुम्हाला जांभया, नाकाला धार, आणि राग तर नाकापेक्षा जास्त वाहत होता. दोष सगळा माझ्या आमटीचा. पण निंबाखाली तुम्ही रोज जात होतात. पहिल्या दिवशी एकटी माळणीची लेक. दुसऱ्या दिवशी तीन. मग सात झोळ्या पुरेनात, आणखी दोन टांगल्या. तुम्ही दोर ओढत पोरांना विभक्त्या म्हणून दाखवत होतात आणि पोरं पटापट निजत होती. तुमच्या वर्गात निजण्याची परंपरा जुनीच. "महाराज, काय मंतर हाये हा?" माळीण विचारायची. "आमच्या घरच्या मानसाले बी लावून पाह्यतो!"

आठव्या दिवशी दुपारी बाया पोरांना पाजायला आल्या. मी ताकाची चरवी घेऊन आलेली. माळीण सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "महाराज, तुमी सोडली म्हून आमी सोडली बरं!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी निंबाकडे पाहिलं. तुमच्या हातातला दोर थांबला, झोळ्या थांबल्या, एक पोर कुरकुरलं. तुम्ही दोर ओढलात आणि म्हणालात, "हो. सोडली."

त्या संध्याकाळी तुम्ही डबी आणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलीत. "सूनबाई, आज मी नऊ लेकरांसमोर खोटं बोललो. ते खरं केलं पाहिजे. आजपासून गोळी नको." ही दुसरी तिथी, तुमची. तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण तुमचा चेहरा असा काही झाला होता की मला ते तुमच्याकडून काढून घेववेना.

आणि मग ते तीन दिवस! तुम्ही खाटेवर पडून कण्हताय, एकेका पूर्वजाला नावानं हाक मारताय. मी सुंठीचा काढा देतेय, पाय चेपतेय. गावातली माणसं ओसरीपाशी हळू बोलत येऊन जातायत. माळणीनं एक भोपळा पाठवला, जणू भोपळ्यानं प्राण परत येतात. हे सगळं करपलेल्या गुळासाठी, मामंजी! चौथ्या दिवशी तुम्ही उठलात, स्नान केलंत, आणि पुढची सात वर्षं ती कथा देवळात सांगितलीत. तीन दिवसांचे हळूहळू सात झाले. मी मागच्या रांगेत तोंडाला पदर लावून बसायची. लोकांना वाटे, सून रडते आहे.

तर सकाळी त्या मुलीला मी तुमचीच तिथी सांगितली. ती नारळाचं ठरवून गेली. मी डबीतले वेलदोडे ओतून डबी घासायला घेतली, आणि घासता घासता हात थांबला. उंबऱ्यावर डबी ठेवताना तुम्ही आणखी एक म्हणाला होतात: "धुऊन घे हो, मुंग्या झाल्यात. मग तुझे वेलदोडे ठेव." तेव्हा मी पकडले गेले नाही या आनंदात डबी धुऊन टाकली. पुढे कितीदा तरी धुतली, पण ते वाक्य आजच ऐकू आलं. धूर दिसला की अग्नी असलाच पाहिजे, हे चुलीपुढे बसवून मला तुम्हीच शिकवलंत. अफूला मुंगी लागत नाही, मामंजी. मुंगी गुळाला लागते.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग तीन दिवस माझ्याकडून पाय कशाला चेपून घेतलेत?

हे पत्र घडी करून डबीत, वेलदोड्यांखाली ठेवते आहे. तुमच्या पत्त्यावर टपाल जात नाही. उत्तर नकोच. तुम्ही "पाठांतर झालं का?" एवढंच विचाराल. फक्त एक कबूल करते: तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला गाढ झोप लागली होती, तुम्ही चक्क घोरत होतात, आणि तरी मी पाय चेपत बसले होते.