जिना चढणारी बाई

ता. ३ फेब्रुवारी

चि. खारूस अ. आ.

फोनवर तू कायम घाईत, म्हणून कागद घेतला. शेजारीण मला एका श्वास-साधनेच्या केंद्रात घेऊन जाते. आधी मी नाहीच म्हणत होते, पण तिने मोबाइलवर केंद्राचं पान दाखवलं. त्यात एका बाईचा अनुभव आहे. माझ्यासारखीच शिवणकाम करणारी, मशीन चालवून गुडघे गेलेली, रक्तदाबही माझ्यासारखाच. दोन महिन्यांत तिच्या गोळ्या सुटल्या आणि आता ती गच्चीपर्यंत जिना चढते म्हणे. वाचून डोळ्यांत पाणी आलं. दहा दिवस झाले, मीही गोळ्या बंद केल्यात. केंद्रातल्या चौघींनाही तिची गोष्ट सांगितली.

तुझी वेबसाइटची कामं कशी चाललीत? जेवणाच्या वेळा पाळ. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझी मावशी

ता. ७ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर तुला गोळी घ्यायला लावली, पण कारण सांगायला जीभ रेटेना.

ते पान मी केलंय. केंद्राच्या संचालकांनी मजकूर दिलाच नव्हता. पानावरचे मजकुराचे रिकामे चौकोन भरल्यावर कसे दिसतील ते त्यांना कळावं म्हणून मी काहीबाही लिहिलं. लिहिताना तू आठवलीस. ती बाई म्हणजे तूच गं, फक्त बरी झालेली. खरे अनुभव आले की हे बदला, असं मी बजावलं होतं. त्यांनी पान तसंच सुरू केलं आणि हजारो लोकांनी ते पुढे पाठवलं. काढा म्हटलं, तर म्हणतात, लोकांना धीर येतो, तुमचं काय जातं? पान गिऱ्हाइकाचं. त्यात आपण हात घालावा की नाही, मला कळत नाही.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.

खारू

ता. १२ फेब्रुवारी

चि. खारूस अ. आ.

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि शाळेतल्या पोरीसारखं झापलं. गोळ्या सुरू आहेत. तुझ्यावर रागवावं की काय करावं, मलाच कळेना. तुला मी जिना चढताना दिसले, याचं बरंही वाटलं. पण त्या चौघींपैकी एकीने मधुमेहाच्या गोळ्या सोडल्यात. तिला खरं सांगितलं, तर म्हणाली, तुझी भाची काही का म्हणेना, मी स्वतः वाचलंय.

केंद्रात मी अजून जाते. श्वास मोजत बसलं की डोक्यातला कालवा थांबतो. हे तरी खरं ना, की हेही तूच लिहिलंस?

कशीही असलीस तरी माझीच आहेस.

मावशी

ता. १६ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

श्वासाचं मी काही लिहिलं नव्हतं, ते तुझंच. माझा त्यावर विश्वास नाही, पण तुझ्यावर आहे. आता यातलं काय धरायचं?

तो अनुभव मी काढून टाकला आणि संचालकांना तसं कळवलं. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. त्याचं काही वाटलं नाही. पण लोकांनी उतरवून घेतलेला मजकूर फिरतोच आहे. एका ठिकाणी त्या मजकुराखाली मी लिहिलं, की हे मी रचलंय, अशी बाई नाहीच. तर एका अनोळखी बाईंनी उत्तर दिलं, की खोटं बोलू नका, ती आमच्याच इमारतीत राहते, रोज जिन्यात भेटते. मी ते चारदा वाचलं. खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं.

शनिवारी येते. मधुमेहाच्या गोळ्या सोडलेल्या तुझ्या त्या मैत्रिणीकडे दोघी जाऊ, मी समोर बसून तिला सगळं सांगेन. ती माझं ऐकेल की पानावर वाचलेल्या त्या बाईचं, कोण जाणे. तू मात्र माझ्या शेजारी बस.

तुझी खारू