वेंडेलिनची जागा

३ मार्च
टुटलिंगेनमधला कामाचा पहिला दिवस झकास गेला. आल्ब्रेख्त मालकांच्या कारखान्यात शस्त्रक्रियेची अवजारं होतात आणि खिडकीजवळचं मोठं मिलिंग मशीन आता माझ्या ताब्यात. तपासणीवरच्या रोस्विताने लोणी लावलेला ब्रेत्सेल पाव दिला. फार गोड हसते. मशीनच्या कंट्रोलची मेमरीही तिनेच दाखवली. कप्पे पाडलेत: एकात प्रोग्राम, एकात हत्यारांची मापं, एकात मशीनची स्वतःची मांडणी. प्रोग्रामांचा कप्पा जवळजवळ सगळा वेंडेलिनने अडवलाय. माझ्याआधी तो इथे होता. हिवाळ्यात वारला.

१० मार्च
ऊठसूट वेंडेलिन! माझा चिमटा उजेडात धरून मालक म्हणाले, बरा आहे रे लोरेन्झ, पण वेंडेलिनचा म्हणजे आरसा असायचा, आरसा! रोस्विता अजून त्याचे प्रोग्राम उघडून बघत बसते. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

१४ मार्च
पुसले. त्याचे सगळे प्रोग्राम. कप्पे नव्याने आखून ती जागा मी माझ्या नावावर केली. रोस्विता चिडेल असं वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, अरे वेड्या, आता तो राहणार कुठे? मी म्हटलं, मसणात.

१७ मार्च
जेवताना तिने सहज माझ्या आईचं नाव विचारलं. आठवेना. आठवला तो रोस्विताच्या मानेमागचा तीळ. मी तो कधीच पाहिलेला नाही. वेंडेलिनने पाहिला असणार. ओठ टेकले असणार. जळून खाक झालो.

१९ मार्च
नदीकाठ. तिचा हात माझ्या खिशात. ही आठवण त्याची, माझी नव्हे. तरी टाकवत नाही — फार गोड आहे. बदल्यात माझ्या शाळेची आठवण गेली. माझी बहीण — होती का बहीण?

२० मार्च
कंट्रोलचे सगळे कप्पे धुंडाळले. वेंडेलिन कुठेच नाही. म्हणजे तो इथे, माझ्या डोक्यात —

२१ मार्च
रोस्विता सकाळी टक लावून बघत राहिली. आलास? म्हणाली, आणि गळ्यात पडून रडली. माझी रोस्विता. पण माझ्या मशीनवर कुणा लोरेन्झचे प्रोग्राम. कोण हा? विचारलं तर म्हणाली, चांगला होता रे बिचारा.
चांगला? तिला आवडायचा?
आत कुणीतरी ओरडतंय. ओरडू दे. त्याचं थोडंच उरलंय — एवढं पुसलं की —