म्हसोबाचं दूध

९ नोव्हेंबर, रविवार

आई येते म्हणाली! पण —

आईचा ‘पण’ कधी चुकत नाही. गवळीवाड्यावर आता तिच्यासकट तीनच घरं उरलीत, बाकी सगळे खाली लोंढा गावात उतरले. पावसाळ्यात ती गोठ्यात घसरून पडली. म्हशी ओरडायला लागल्या म्हणून शेजारचे शामूकाका बघायला गेले, तेव्हा कुठे कळलं. तेव्हापासून माझा एकच धोशा — बेळगावात टिळकवाडीला आमच्याकडे चल.

आज तिनं अट घातली. चांदी म्हशीचे दिवस भरलेत. व्यायल्यावर चीक सरला की पहिलं दूध डोंगराच्या माथ्यावर म्हसोबाला जातं. ते पोचेपर्यंत घरात कुणी थेंब तोंडात घालत नाही. इतकी वर्षं आई नेत होती, आता तिचे गुडघे गेले. म्हणून या खेपेला दूध मी न्यायचं. एकटीनं. आणि चरवी वाटेत कुठे खाली टेकवायची नाही.

“टेकली तर देवाची परवानगी न्हाय म्हणायचं. मग मी हितंच.”

मी हो म्हणून बसले. शाळेसाठी खाली आले ती आलेच. माथ्यावर एकदाही गेलेली नाही. आता कॉलेजच्या ऑफिसात खुर्ची झिजवते आणि पोस्टाचा जिना चढताना धापा टाकते. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिफ्ट बंद. म्हणजे माझ्यापुरती बंद. कळशीत पाणी भरून जिने चढते. तिसऱ्या मजल्यावर कळशी जरा कठड्याला लावली. कठडा म्हणजे जमीन नव्हे, असं नवऱ्याला, सुहासला सांगितलं. तो म्हणाला, या घरात वकील मी आहे.

समोरच्या भैरवीवहिनींनी विचारलं, नळाला पाणी नाही का? मी म्हटलं, आहे की. बिचाऱ्या अजून विचार करत असतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

चांदी व्यायली. पारडी झाली. शामूकाकांचा फोन. आई फोनवर आलीच नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. गवळीवाडा

आई चरवी चिंचेनं घासत बसली होती. मी आले तरी हात थांबला नाही. ती बेळगावला आल्यावर म्हशी शामूकाकांकडे जाणार, एवढं मात्र तिनं सांगितलं. म्हणजे ठरलंय खरं. पण देव हो म्हणाला तर.

शामूकाकांच्या गुणाबाई भाकरी घेऊन आल्या. माझ्या दंडाकडे बघून हसल्या. म्हणाल्या, वाड्यावरच्या एकाही बाईनं आजवर चरवी टेकवलेली नाही. तुझ्या आईनं तर नाहीच नाही. आई चुलीत फुंकत राहिली.

भीती वाटते. डोंगराची नाही. आई इथेच राहील आणि पुढच्या पावसात पुन्हा पडेल — त्याची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धार काढून झाल्यावर निघाले. आई दारात उभी, वळणापर्यंत दिसत होती.

झाडीतली वाट ठीक होती. कारवीतून वर आले तशी पोटऱ्या बोलायला लागल्या. चरवी या कमरेवरून त्या कमरेवर. दूध हिंदकळून लुगडं भिजलं — आईचं, मुद्दाम नेसले होते. वरच्या उघड्या कातळसड्यावर वारं इतकं की चरवी पोटाशी धरून तिरकी चालले. दोनदा रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि मग शेवटचा कडा. माझ्या दीडपट उंच, सरळ. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय चढताच येत नाही! आई डोक्यावर चुंबळीवर घेऊन जात असणार. ती गवळीण, मी कारकून. मी किती तरी वेळ नुसती उभी राहिले. एका हातानं प्रयत्न केला, पाय सटकला, चरवी कशीबशी वाचली.

कड्याला छातीइतक्या उंचीवर एक धोंडा बाहेर आलाय. त्यात गोल खळगा आहे. तिथे ठेवली. चरवीचं बूड असं बेतल्यासारखं बसलं की हललंसुद्धा नाही. मी चढले, पालथी पडून हात खाली घातला आणि चरवी वर घेतली. संपलं. टेकली ती टेकली.

माथ्यावर शेंदराचा दगड, बाजूला जुनी घंटा. खाली लोंढ्याकडची गाडी काडेपेटीएवढी. दूध ओतलं. मागायचं काही सुचेना. आईला पाठव, एवढंच म्हटलं. तोंड कुठलं घेऊन म्हटलं कोण जाणे.

खाली आले तेव्हा आई दारातच होती.

“कुटं टेकीवली न्हाईस न्हवं?”

“न्हाय.”

पटकन बोलून गेले. आईनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आत जाऊन ट्रंक उघडली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आई बेळगावात! जीप निघताना चांदी रेकली. आईनं मागे पाहिलं नाही. मी पाहिलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आई कोरा चहा पिते. दूध नको म्हणते. जेवण चिमणीचं. दिवसभर गॅलरीत, तोंड डोंगराकडे. काल अंगात कणकण होती.

देवानं परवानगी दिलीच नव्हती, मीच खोटी आणली. सुहास म्हणतो, माणूस नव्या जागी असाच बसतो, म्हसोबा काय नोटीस काढत नाही. त्याला काय जातंय बोलायला!

सांगून टाकावं. जाते म्हणाली तर परत पोचवावं लागेल. मला ते नको आहे. अजिबात नको आहे. पण हे असं तिला फसवून ठेवणं जमत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. आई मेथी निवडत होती. कडा, पाय सटकला ते, खोटं बोलले ते — सगळं. शेवटी म्हटलं, तुला जायचं असेल तर उद्या सोडते.

“कड्याच्या धोंड्यावर ठेवलीस? गोल खळग्यात?”

मी मान हलवली. आईनं देठ बाजूला टाकला.

“त्यो खळगा काय आपोआप पडला व्हय गं?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं — वाड्यावरच्या सगळ्या बायकांनी, आईनंही, चरवी तिथेच टेकवली होती. म्हणजे अट घातली तेव्हाच तिला यायचं होतं.

आईनं दुसरी जुडी पुढ्यात ओढली. चहा टाक म्हणाली. दूध घालून.